केप कोरलचं घर, अकरा खिडक्या आणि गॅरेजचं दार

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. फ्लोरिडात केप कोरलला १९८७ सालचं बैठं घर घेतलं आहे, भिंती काँक्रीट ब्लॉकच्या. स्वयंपाकघर वाढवायचं, मागच्या लनाईकडे (छप्पर असलेल्या मागच्या पडवीकडे) उघडणारं सरकतं दार बदलायचं आणि त्याच हाताने सगळ्या खिडक्याही नव्या करून टाकायच्या. अकरा खिडक्या, दोन सरकती काचेची दारं, पुढचं दार आणि गॅरेजचं बाजूचं दार. सासू-सासरे दरवर्षी मे महिन्यात येतात ते ऑक्टोबरपर्यंत राहतात. यजमान आठवड्यातले चार दिवस कामासाठी बाहेरगावी. तीन कोटेशनं आली आहेत, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत अडीचपट फरक आहे, आणि तिघेही छातीवर हात ठेवून सांगतात की हरिकेनमध्ये आमचीच खिडकी टिकते. कुणाचं ऐकावं, आणि काचेवर बाहेरून लावायच्या शटरने भागेल का?

कुणाचंच ऐकू नका, कागद मागा. कोणता कागद ते पुढे सांगतो. पण तुमची यादी वाचताना मला आधी खटकलं ते तिच्यात काय नाही ते. अकरा खिडक्या आहेत, चार दारं आहेत, आणि घराच्या दर्शनी भागातलं सगळ्यात मोठं भोक, म्हणजे गॅरेजचं गाड्या आत घेण्याचं दार, ते कुठेच नाही. तिन्ही कोटेशनांत नाही. खिडकीवाला खिडक्या विकतो, त्याला गॅरेजशी देणंघेणं नसतं. वाऱ्याला मात्र असतं.

मी वीसेक वर्षं नैऋत्य फ्लोरिडात हेच काम करतो. आम्ही धंद्यात त्याला ‘ओपनिंग’ म्हणतो. खिडकी नाही, दार नाही, ओपनिंग. भिंतीतलं भोक आणि ते बुजवणारं सगळं मिळून एक वस्तू: काच, चौकट, स्क्रू, लाकडी पट्टी आणि खालचा ब्लॉक. यातलं सगळ्यात कच्चं जे असेल तेवढीच ती खिडकी पक्की.

आधी वारा काय करतो ते बघू. आपल्याला वाटतं वारा घराला ढकलतो. समोरून ढकलतो हे खरं, पण बाजूंनी, मागून आणि छपरावरून तो ओढतो. घर बंद आहे तोवर छपराला फक्त बाहेरची ओढ सोसायची असते. एक ओपनिंग गेलं की वारा आत घुसतो, घर आतून फुगतं, आणि छपराला खालून रेटा नि वरून ओढ असं दोन्ही एकदम बसतं. मी मूळचा श्रीवर्धनचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा काकाच्या घराचं पुढचं दार अडसर घालून घट्ट बंद होतं. मागच्या पडवीचं दार नुसत्या कडीवर होतं. कडीचा कोयंडा चौकटीतून उपटून आला आणि पुढच्या दहा मिनिटांत माजघरावरची कौलं पाखरांसारखी उडाली. पडवीवरची कौलं जागेवर होती. काका अजून म्हणतो, वारा मागून आला आणि वरून गेला. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत मला हे कुणी याहून नीट सांगितलं नाही.

फ्लोरिडाने हा धडा २४ ऑगस्ट १९९२ ला घेतला. अँड्र्यू वादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडवर आदळलं आणि वसाहतीच्या वसाहती उघड्या पडल्या. त्यानंतर डेड काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आजची मायामी-डेड) खिडक्या-दारांसाठी मारा सोसण्याची चाचणी सक्तीची केली, आणि १ मार्च २००२ पासून पूर्ण राज्याला एकच बिल्डिंग कोड लागू झाला. तुमचं घर १९८७ चं, म्हणजे या सगळ्याच्या आधीचं. त्यातली मूळची एकही खिडकी आजच्या नियमात बसणार नाही, हे धरूनच चला.

ती चाचणी एकदा बघण्यासारखी असते. चार किलो वजनाचा, दोन बाय चारचा लाकडी वासा हवेच्या तोफेतून सेकंदाला ५० फूट वेगाने खिडकीवर मारतात, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर. काच तडकते. तडकलीच पाहिजे असं नाही, पण तडकली तरी नापास नाही. मग तीच तडकलेली खिडकी दाबाच्या पेटीत घालून तिला आत-बाहेर, आत-बाहेर हेलकावतात. मायामी-डेडबाहेर चालणाऱ्या चाचणीत असे ९,००० हेलकावे असतात. शेवटी बघतात की तीन इंचांचा गोळा आरपार जाईल एवढं भोक पडलं का, किंवा पाच इंचांहून लांब चीर गेली का. नसेल तर पास. म्हणजे ‘इम्पॅक्ट’ खिडकी फुटत नाही असं नाही. ती फुटूनही जागा सोडत नाही. वादळानंतर तडकलेली काच बदलावी लागते आणि तो खर्च तुमचाच असतो. विक्रेते हे सांगायला विसरतात.

आता तुमची तीन कोटेशनं.

पहिलं, सगळ्यात स्वस्त. त्यात लिहिलंय ‘हरिकेन स्ट्रेंथ टेम्पर्ड ग्लास’. हे कोटेशन बाजूला ठेवा. टेम्पर्ड काच म्हणजे भाजून कडक केलेली काच. हाताने ठोकली तर मजबूत वाटते, पण टोकदार काही लागलं की क्षणात तिचा साबुदाणा होतो आणि चौकट रिकामी. हरिकेनची काच लॅमिनेटेड असते: दोन काचा आणि मध्ये चिकट प्लॅस्टिकचा पडदा. गाडीची पुढची काच तडकूनही जागेवर राहते, तोच प्रकार, फक्त कितीतरी जाड. दुकानात ओळखायची असेल तर मोबाइलचा दिवा तिरका धरून कोपऱ्यातलं कोरीव चिन्ह वाचा. चाचणीचं नाव बहुधा काचेवरच असतं. स्टिकर निघतो, कोरलेलं निघत नाही.

शिवाय इथे कायदाही आडवा येतो. तुमचा भाग वाऱ्याबरोबर उडणाऱ्या मोडतोडीच्या पट्ट्यात येतो. जुन्या घरातल्या एकूण काचेच्या क्षेत्रफळापैकी २५ टक्क्यांपर्यंत तुम्ही बारा महिन्यांत बदललंत तर नव्या खिडक्यांनी फक्त वाऱ्याचा दाब सोसला की भागतं. त्याहून जास्त बदललं की प्रत्येक नव्या ओपनिंगला मारा सोसणारी काच हवी किंवा मंजूर शटर हवं. तुम्ही तर सगळंच बदलताय. पहिल्या माणसाने हे सांगितलं नाही, म्हणजे एकतर त्याला ठाऊक नाही किंवा तो परमिट काढणारच नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी तो आपल्या कामाचा नाही.

दुसरं कोटेशन अॅल्युमिनियमच्या चौकटी आणि लॅमिनेटेड काच. माल बरा दिसतोय. पण त्यात सगळ्या खिडक्यांना मिळून एकच वाक्य आहे: ‘ताशी १७५ मैल वाऱ्यासाठी योग्य’. खिडकीला मैल नसतात, ताई. तीच खिडकी लहान असेल तर जास्त सोसते, मोठी असेल तर कमी. भिंतीच्या मध्यावर असेल तर कमी दाब येतो, घराच्या कोपऱ्याजवळ असेल तर जास्त, कारण कोपऱ्यावर वारा वळतो आणि तिथली ओढ सगळ्यात वाईट. म्हणून प्रत्येक ओपनिंगला दोन आकडे लागतात. या जागी किती दाब येणार हा पहिला. तो घराची जागा, उंची, आजूबाजूची मोकळीक आणि कोपऱ्यापासूनचं अंतर यांवरून काढतात. ही खिडकी या मापात किती सोसते हा दुसरा. त्याला डिझाइन प्रेशर म्हणतात, आमच्या तोंडी डीपी. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असला की झालं. डीपीलाही अधिक आणि उणे अशा दोन बाजू असतात, ढकलण्याची आणि ओढण्याची. उणे आकडा नेहमी बघा. खिडक्या आत पडण्यापेक्षा बाहेर ओढल्या जाऊन गेलेल्या मी जास्त पाहिल्या आहेत.

डीपी पौंड प्रति चौरस फूट असा मोजतात. ऐकायला किरकोळ वाटतं. तुमचं लनाईचं दार आठ बाय आठ फूट आहे, म्हणजे ६४ चौरस फूट. त्यावर ५० चा दाब धरला तर ३,२०० पौंड, जवळजवळ दीड टन. एक भरलेली मोटार त्या काचेला टेकून उभी आहे, आणि दर काही सेकंदांनी बाजूला होऊन पुन्हा येऊन टेकते आहे. हे सगळं वजन शेवटी कशावर येतं? चौकटीच्या कडेने मारलेल्या स्क्रूंवर.

तेव्हा दुसऱ्या माणसाला म्हणा, पंधरा ओपनिंगची पंधरा ओळींची यादी दे. प्रत्येक ओळीत माप, त्या जागी लागणारा दाब, मालाचा डीपी आणि फ्लोरिडा प्रॉडक्ट अप्रूव्हलचा एफएल क्रमांक. परमिटसाठी ही माहिती त्याला नाहीतरी द्यावीच लागते, त्यामुळे ती देणं हे तुमच्यावर उपकार नाहीत. एफएल क्रमांक राज्याच्या बिल्डिंग कोडच्या संकेतस्थळावर टाकला की मंजुरीचा पूर्ण नकाशा फुकट उघडतो, कोणत्या भिंतीत कोणता स्क्रू किती इंचांवर, इथपर्यंत. काहीजण मायामी-डेडचा एनओए, म्हणजे त्या काउंटीचं मंजुरीपत्र, दाखवून भाव चढवतात. तो कागद चांगलाच आहे, चाचणी कडक आहे, पण ती सक्ती मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंटींपुरती आहे. तुम्ही ली काउंटीत आहात. वाशाच्या मोठ्या माऱ्यासाठी पास झालेल्या मालाचा साधा एफएल क्रमांक तुम्हाला पुरतो.

तिसरं कोटेशन व्हिनाइलच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटी, आत हवाबंद पोकळी असलेली दुहेरी काच आणि तिची एक बाजू लॅमिनेटेड. खिडक्यांसाठी मला हेच आवडतं. केप कोरलमध्ये चारशे मैलांहून जास्त कालवे आहेत, त्यातले बरेच खाऱ्या पाण्याचे. तुमचं घर अशा कालव्यावर असेल तर अॅल्युमिनियमचे सांधे आणि बिजागऱ्या आठ-दहा वर्षांत पांढऱ्या भुकटीने फुलतात. व्हिनाइल गंजत नाही आणि उन्हाची उष्णता अॅल्युमिनियमइतकी आत नेत नाही. उलट मोठ्या सरकत्या दाराला मी अॅल्युमिनियमच घेईन. आठ फुटी पल्ल्याला जो ताठपणा लागतो तो व्हिनाइलला आतून धातू घालून आणावा लागतो आणि मग ते दार सासूबाईंना ओढवत नाही. तेव्हा खिडक्या तिसऱ्याकडून आणि दोन दारं दुसऱ्याकडून घेतली तरी बिघडत नाही. रंग पांढराच ठेवा, म्हणजे फरक दिसणार नाही.

काचेबद्दल तीन गोष्टी पटकन. उन्हाची उष्णता किती आत येते त्याला एसएचजीसी असा आकडा असतो, तो ०.२५ किंवा त्याहून कमी घ्या. विजेचं बिल बोलेल. दोन्ही काचा टेम्पर्ड असलेली लॅमिनेटेड काच दोन्हीकडून फुटली तर ओल्या गोधडीसारखी लोंबते, त्यापेक्षा ‘हीट स्ट्रेंथन्ड’, म्हणजे टेम्पर्डहून कमी कडक केलेली काच तडकूनही ताठ उभी राहते. दाराला कायदा टेम्पर्ड मागत नसेल तिथे ती घ्या. आणि मधला प्लॅस्टिकचा पडदा अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो, त्यामुळे सोफा लवकर फिका पडत नाही. रस्त्याचा आवाजही कमी होतो, तो फायदा रोजचा.

आता खरं काम. बसवणी.

इयान वादळ २८ सप्टेंबर २०२२ ला तुमच्या जवळच्याच कायो कोस्टा बेटावर आलं, ताशी दीडशे मैलांच्या वाऱ्याने. त्यानंतर आठवडाभराने मी एका घरात गेलो. मालकाने तीन वर्षांपूर्वी उत्तम इम्पॅक्ट खिडक्या घातल्या होत्या. त्यातली एक जेवणाच्या टेबलावर पडली होती. अख्खी. काचेला तडा नाही, चौकट वाकलेली नाही, कोपऱ्यातलं कोरीव चिन्ह चकचकीत. मी ती उलटी केली. कडेने सहा स्क्रू होते, सगळे लाकडी पट्टीत अडकलेले, आणि पट्टीसकट उपटून आलेले. स्क्रू पट्टीच्या पलीकडे ब्लॉकमध्ये गेलेच नव्हते, कारण ते अर्धा इंच आखूड होते. ज्याने बसवल्या त्याच्याकडे त्या दिवशी व्हॅनमध्ये तेवढ्याच लांबीचे असतील. एवढंच कारण.

तुमच्यासारख्या ब्लॉकच्या घरात खिडकीच्या भोकाला आतून लाकडी पट्टी असते, तिला ‘बक’ म्हणतात. पट्टी पातळ असेल तर चौकटीचा स्क्रू बकमधून आरपार जाऊन काँक्रीटमध्ये निदान सव्वा इंच रुतला पाहिजे. नेमका आकडा मंजुरीच्या नकाशात असतो. चौकट आणि बक यांच्यात फट भरायला जे शिम घालतात, तेही बहुतेक नकाशांत पाव इंचापर्यंतच चालतात. १९८७ च्या घरात भोकं काटकोनात नसतात. कामगार मग अर्ध्या इंचाची फट फोमने भरतो आणि वर सिलिकोन ओढतो. बाहेरून सुंदर दिसतं. त्या अर्ध्या इंचात स्क्रू काडीसारखा वाकतो.

म्हणून पहिली खिडकी बसेल त्या दिवशी घरी थांबा. चहा करा, आणि चहा झाला की गोड बोलून सांगा, एक स्क्रू काढून दाखव. टेपने मोजा. चौकटीची जाडी, अधिक शिम, अधिक बक, अधिक सव्वा इंच. पुरेसा लांब असेल तर तो माणूस हसेल. नसेल तर तुम्ही उरलेल्या चौदा वाचवल्यात. बकची लाकडं कुजलेली निघाली तर ती बदलण्याचा दर करारात आधीच लिहून घ्या, कारण तीस-पस्तीस वर्षांच्या घरात दोन-चार ठिकाणी कुजलेली निघणारच, आणि भोक उघडं असताना भाव करता येत नाही.

आणखी एक. खिडकी वारा अडवेल, पण कोरडी राहीलच असं नाही. पाण्याची चाचणी डीपीच्या फक्त १५ टक्के दाबावर घेतात. डीपी ५० असेल तर साडेसात पौंड, म्हणजे ताशी चोपन्न मैलांच्या आसपासचा वारा. त्याच्या वर सरकत्या दाराच्या रुळातून पाणी आत येणार, ते बिघडलंय म्हणून नव्हे. उंच उंबऱ्याचं दार जास्त पाणी अडवतं, पण त्या उंबऱ्याला सासऱ्यांचा पाय अडकणार. मी माझ्या घरी बुटका उंबरा घेतला आणि वादळाच्या रात्री जुने टॉवेल घालतो. तुमच्या लनाईला खोल छप्पर आहे, तिथे पाऊस तसाही कमी पोचतो. बुटकाच घ्या.

खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरून बारीक फटी असतात. आत आलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी त्या असतात. मला दर पावसाळ्यात निदान एक फोन येतो की नवी खिडकी गळते. गेलो की दिसतं, रंगाऱ्याने किंवा स्टको (बाहेरचा गिलावा) करणाऱ्याने नीटनेटकेपणा म्हणून त्या फटी बुजवलेल्या असतात. काडीने उकरलं की गळती बंद. रंगकाम शेवटी असेल तर त्या माणसाला आधीच बजावून ठेवा.

दारांकडे या. आपल्याकडे दार आत उघडतं आणि मागून अडसर घालतो. पाहुण्याला आत घेण्याची ती रीत. इथे किनाऱ्यावर पुढचं दार बाहेर उघडणारं घेतात, म्हणजे वारा जितका ढकलेल तितकं ते चौकटीवर घट्ट बसतं. बिजागऱ्या बाहेर येतात म्हणून चोराची भीती वाटते, पण त्यांच्या पिना न निघणाऱ्या मिळतात. कुलूप एका ठिकाणी नको. वर, मध्ये आणि खाली एकदम बसणारं घ्या. तो आपला अडसरच, फक्त उभा. दाराच्या बाजूच्या काचेच्या पट्ट्याही ओपनिंगच आहेत, त्या मंजुरीत धरल्यात का ते बघा. गॅरेजच्या बाजूच्या छोट्या दाराकडे कुणी लक्ष देत नाही. माझ्याच एका कामात मी सगळं घर पक्कं केलं आणि ते पोकळ पत्र्याचं दार ‘आत गॅरेजच तर आहे’ म्हणून सोडलं. ते दार मला पुढच्या वादळात शेजाऱ्याच्या तलावात सापडलं. तेव्हापासून मी आधी घराला बाहेरून एक चक्कर मारतो आणि भोकं मोजतो.

झोपायच्या प्रत्येक खोलीत एक खिडकी माणूस बाहेर पडण्याएवढी उघडली पाहिजे. मोकळी जागा ५.७ चौरस फूट, तळमजल्यावर ५, रुंदी निदान २० इंच, उंची २४, आणि खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या आत. इम्पॅक्ट खिडकीच्या चौकटी जाड असतात. जुन्या भोकात तीच वर-खाली सरकणारी खिडकी घातली तर मोकळी जागा कमी भरते आणि तपासणीत अडकते. अशा ठिकाणी दारासारखी बाहेर उघडणारी केसमेंट घ्या. हे आगीसाठी आहे, आणि इम्पॅक्ट काच आतून खुर्ची मारून आरपार फुटत नाही. म्हणून सासूबाईंना कड्या उघडायला एकदा शिकवा. त्या गज लावा म्हणतील. मंजुरी न घेता नका लावू.

शटरचं विचारलं होतंत. पत्र्याची पॅनेल सगळ्यात स्वस्त, आणि खरं सांगायचं तर मारा सोसायला उत्तम. पण पंधरा ओपनिंगना पॅनेल लावायला दोन धडधाकट माणसांना पाऊण दिवस लागतो, आणि वादळ यायचं तेव्हा यजमान बाहेरगावी असणार हे तुम्हीच लिहिलंय. सत्तरीच्या सासऱ्यांना शिडीवर चढवायचं नसेल तर ज्या खोल्यांत तुम्ही राहता तिथे इम्पॅक्ट, आणि क्वचित उघडणाऱ्या दोन-तीन खिडक्यांना घडीचं अकॉर्डियन शटर, जे जमिनीवर उभं राहून एका हाताने ओढता येतं. असं मिश्रण चालतं. फक्त एकही ओपनिंग उघडं ठेवू नका. विम्याच्या सवलतीसाठी जी विंड मिटिगेशनची तपासणी होते (ओआयआर-बी१-१८०२ हा फॉर्म), तिच्यात काचेचं प्रत्येक ओपनिंग संरक्षित असावं लागतं. चौदा झाली आणि न्हाणीघराची एक चिमुकली खिडकी राहिली, तर त्या रकान्यात तुम्हाला चौदाची सवलत मिळत नाही, काहीच मिळत नाही. काचेवर टेप चिकटवणं आणि ‘दाब समान व्हावा’ म्हणून एक खिडकी किलकिली ठेवणं, हे दोन सल्ले कुणी दिले तर ऐकून घ्या आणि विसरा.

पैशांचं. माय सेफ फ्लोरिडा होम ही राज्याची योजना आहे. घराच्या तपासणीनंतर तुमच्या एका डॉलरमागे राज्य दोन घालतं, कमाल १०,००० डॉलरपर्यंत. उत्पन्नाच्या अटी आणि निधी दरवर्षी बदलतात, आणि करारावर सही करण्याच्या आधी अर्ज मंजूर व्हावा लागतो, म्हणून घाई नको. ठेकेदाराने दहा टक्क्यांहून जास्त आगाऊ घेतली तर त्याला तीस दिवसांत परमिटचा अर्ज करावाच लागतो. हे त्याला माहीत असतं, तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळू द्या.

आणि सगळं एकाच परमिटमध्ये घालण्याच्या आधी शहराच्या कचेरीत जा. तुमचं घर पुराच्या विशेष धोक्याच्या पट्ट्यात असेल आणि सुधारणेचा एकूण खर्च घराच्या, म्हणजे जमीन सोडून नुसत्या इमारतीच्या, बाजारभावाच्या ५० टक्क्यांना पोचला, तर अख्खं घर आजच्या पूरनियमात आणावं लागतं. जमिनीसरशी बांधलेल्या जुन्या घराला त्याचा अर्थ बहुधा उचला किंवा पाडा. स्वयंपाकघर आणि खिडक्या एकत्र धरल्या तर तुम्ही त्या रेषेच्या किती जवळ जाता, हे एका सकाळीत कळतं. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला ते ओटा फोडल्यावर कळलं.

पुराचा विषय निघालाच आहे तर हेही. या खिडक्या वाऱ्यासाठी आहेत. इयानमध्ये फोर्ट मायर्स बीचवर समुद्र जमिनीवर दहा फुटांहून जास्त चढला, आणि तिथे कुठल्याच काचेचा प्रश्न उरला नाही. घर सोडण्याचा आदेश तुमच्या झोनला आला की सासू-सासऱ्यांची औषधं घ्या आणि निघा, खिडक्या कितीही महाग असोत.

आता गॅरेज. सोळा बाय सात फुटांचं दार म्हणजे ११२ चौरस फूट, तुमच्या लनाईच्या दाराच्या पावणेदोन पट, आणि ते बनलंय पातळ पत्र्याच्या घड्यांचं, दोन रुळांवर टेकलेलं. ते आत दबलं की चाकं रुळांतून सुटतात आणि वारा सरळ तुमच्या छपराखाली. इयाननंतर मी पाहिलेल्या, छप्पर गेलेल्या घरांत गॅरेजचं दार शाबूत असलेलं मला एकही आठवत नाही. आज संध्याकाळी गॅरेजमध्ये जा, दार बंद करा, दिवा लावा आणि दाराच्या आतल्या बाजूला स्टिकर शोधा. बहुतेक एका कडेला, छातीच्या उंचीवर असतो. त्यावर अधिक-उणे असे दाबाचे दोन आकडे आणि एफएल किंवा एनओए क्रमांक असेल तर त्याचा फोटो पाठवा, मी जुळवून बघतो. आडव्या घड्यांवर पोलादी पट्ट्या ठोकलेल्या दिसतात का, तेही सांगा. स्टिकरच नसेल तर तिन्ही खिडकीवाल्यांना महिनाभर थांबायला सांगा आणि आधी ते दार बदला.